सुझोऊ अंक संगणकावर: चिन्ह ओळखण्यापासून डेटाबेसमध्ये बसवण्यापर्यंत

हाँगकाँगच्या जुन्या बाजारात, चिनी औषधांच्या दुकानात किंवा मिनीबसच्या भाडेपाटीवर अजूनही अधूनमधून असे आकडे दिसतात जे इंग्रजी अंकांसारखे नसतात आणि चिनी पाठ्यपुस्तकातल्या अंकांसारखेही नसतात. उभ्या रेघा, फुल्या, रेघेवर बसवलेलं टिंब असा सगळा प्रकार. हे सुझोऊ अंक. व्यापाऱ्यांचे, हिशेबनिसांचे, भाव पटकन खरडण्याचे आकडे. मोजणीच्या काड्या मांडून गणित करण्याच्या जुन्या चिनी पद्धतीतून ते आले. कँटोनीज बोलणारे त्यांना ‘फा मा’ म्हणतात.

जुनी बिलं, भावपत्रकं, खातेवह्या यांचं डिजिटायझेशन करणाऱ्याला, चिनी मजकुरावर काम करणाऱ्या प्रोग्रामरला किंवा अनुवादकाला कधीतरी हे आकडे टाइप करावे लागतात. तिथे गडबड होते. पडद्यावर बरोबर दिसणारा आकडा शोधात सापडत नाही, बेरजेत येत नाही, दुसऱ्या संगणकावर त्याचा चौकोन होतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: टाइप करणाऱ्याने आकार पाहून चिन्ह निवडलेलं असतं. संगणक आकार पाहत नाही, क्रमांक पाहतो. म्हणून खालची सगळी कृती ‘कुठला क्रमांक’ या प्रश्नाभोवती फिरते.

एक खुलासा आधीच. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एकेक क्रमांक देणारं प्रमाण. त्याचे क्रमांक आधी ‘यू+’ लावून सोळाच्या पायावर लिहितात, त्यात दहा ते पंधरासाठी इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं येतात. इथे ती ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत आणि आकडे देवनागरीत आहेत. संगणकावर टाइप करताना मात्र ही अक्षरं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच द्यायचे. देवनागरी आकड्यांत दिलेला कोड बहुतेक सॉफ्टवेअरला कळत नाही.

पायरी १: चिन्ह ओळखा

सुझोऊचे एक ते नऊ हे अंक युनिकोडमध्ये यू+३०२१ ते यू+३०२९ या सलग जागांवर आहेत. शेवटचा आकडा हाच त्या चिन्हाचा अंक, त्यामुळे तक्ता पाठ करायची गरज नाही. पाच हवा असेल तर ३०२५, आठ हवा असेल तर ३०२८. इतकी सोय युनिकोडमध्ये फार ठिकाणी मिळत नाही.

आकार असे:

- एक, दोन, तीन (३०२१, ३०२२, ३०२३): अनुक्रमे एक, दोन, तीन उभ्या रेघा.
- चार (३०२४): फुली.
- पाच (३०२५): खाली गाठ, वर वळण. गुजराती ‘ठ’ची आठवण होईल अशी खूण.
- सहा, सात, आठ (३०२६, ३०२७, ३०२८): माथ्यावर एक छोटी उभी खूण आणि तिच्याखाली एक, दोन, तीन आडव्या रेघा.
- नऊ (३०२९): खाली फुली, तिच्या माथ्यावर रेघ. हाताच्या वळणानुसार हिचं रूप सर्वात जास्त बदलतं.

सहा ते आठमधली माथ्यावरची खूण म्हणजे पाच. पाच अधिक एक, पाच अधिक दोन, पाच अधिक तीन. मोजणीच्या काड्यांत हेच चालायचं आणि तेच इथे टिकून राहिलं आहे. हे लक्षात असलं की अस्पष्ट फोटोतला सात की आठ हा वाद खालच्या रेघा मोजून सुटतो.

दहा, वीस आणि तीस यांसाठीही वेगळी चिन्हं आहेत: यू+३०३८, यू+३०३९ आणि यू+३०३ए. ती युनिकोड ३.० मध्ये, म्हणजे १९९९ साली आली. एक ते नऊ मात्र १९९३च्या १.१ आवृत्तीपासून आहेत. या सहा वर्षांच्या फरकाने जुन्या फायलींत घातलेला घोळ पुढे येतोच.

कॅरेक्टर मॅपमध्ये नावाने शोधायला गेलात तर ‘सुझोऊ’ टाकून काही मिळणार नाही. युनिकोडमध्ये या चिन्हांचं अधिकृत नाव ‘हांगझोऊ न्यूमरल’ असं आहे. हे नाव चुकीचं असल्याचं युनिकोडने आपल्या प्रमाणग्रंथात मान्य केलं आहे, पण एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही हा त्यांचा नियम आहे. हजारो प्रोग्राम त्या नावांवर विसंबून असतात, त्यामुळे नियम योग्यच आहे. आपण शोधताना ‘हांगझोऊ’चं इंग्रजी स्पेलिंग टाकायचं आणि पुढे जायचं.

पायरी २: आडव्या रेघा विसरू नका

दोनशे एकवीस लिहायचे असतील तर दोन उभ्या रेघा, पुन्हा दोन उभ्या रेघा, मग एक उभी रेघ. एकूण पाच रेघा. वाचणाऱ्याने त्या कशा तोडायच्या? व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला. एक, दोन, तीन हे अंक शेजारी आले की पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. म्हणजे २२१ मध्ये पहिला दोन उभा, दुसरा आडवा, एक उभा. मध्ये शून्य किंवा चार ते नऊपैकी काही आलं की साखळी तुटते आणि पुन्हा उभ्यापासून सुरुवात होते.

आडव्या एक, दोन, तीन यांना सुझोऊ मालिकेत वेगळी जागा नाही. तिथे नेहमीचीच चिनी अक्षरं वापरायची: एकसाठी यू+४ई००, दोनसाठी यू+४ई८सी, तीनसाठी यू+४ई०९. म्हणजे एकाच संख्येत दोन अगदी वेगळ्या विभागांतली चिन्हं शेजारी बसतात. ज्याने प्रोग्राममध्ये फक्त ३०२१ ते ३०२९ हाच पट्टा तपासला, त्याचा प्रोग्राम २२१ला २ आणि १ असे तुकडे करून वाचतो. मधला दोन गायब.

पायरी ३: शून्याचा गोल नेमका कुठला

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

सुझोऊ पद्धतीत शून्यासाठी साधा गोल वापरतात. त्याचा योग्य क्रमांक यू+३००७, दशमान पद्धतीत १२२९५. हाच गोल चिनी अंकांत लिहिलेल्या वर्षांतही येतो. पण युनिकोडमध्ये गोलांची कमी नाही. भौमितिक पोकळ वर्तुळ यू+२५सीबी (९६७५), मोठं वर्तुळ यू+२५ईएफ (९७११), इंग्रजी मोठा ‘ओ’ यू+००४एफ, इंग्रजी शून्य यू+००३०. आणि आपलं देवनागरी शून्य यू+०९६६ (२४०६). मराठी कीबोर्ड चालू ठेवून चिनी मजकूर दुरुस्त करणाऱ्याने तेही कधीतरी घुसवलेलं असतं. काही फॉन्टांत हे सगळे जवळजवळ सारखे दिसतात.

यातलं भौमितिक वर्तुळ सर्वाधिक छळतं आणि त्याला इतिहास आहे. चीनच्या १९८०च्या जीबी २३१२ या प्रमाणात शून्याचा हा गोल नव्हताच, वर्तुळ मात्र होतं. म्हणून लोक वर्तुळ टाकत राहिले. नंतरच्या जीबीके संकेतनात शून्याला ए९९६ ही जागा मिळाली, जपानच्या जेआयएस एक्स ०२०८ मध्ये तो होताच, तरी हाताला लागलेली सवय सुटली नाही. आजही चिनी वर्षांत वर्तुळ टाकलेले मजकूर सर्रास मिळतात. आपल्याकडे श्री-लिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या मराठी फायलींची जी गत झाली तीच ही: कागदावर छान, शोधायला गेलं की काहीच नाही.

तेव्हा फरक ओळखायचा कसा? चिन्ह कॉपी करा आणि एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्समध्ये एका सेलमध्ये टाका. शेजारच्या सेलमध्ये ‘युनिकोड’ हे फंक्शन त्या सेलवर चालवा. उत्तर १२२९५ आलं तर शून्य बरोबर. ९६७५ आलं तर ते वर्तुळ आहे. यापेक्षा स्वस्त तपासणी नाही आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ती जमते.

चिनी मजकुरात शून्यासाठी आणखी एक अक्षर आहे, बऱ्याच रेघांचं, यू+९६एफ६. कुठे गोल आणि कुठे ते अक्षर, याबद्दल चीनच्या जीबी/टी १५८३५-२०११ या प्रमाणात स्पष्ट नियम आहे: मोजमापाची संख्या असेल तर अक्षर, क्रमांक किंवा वर्ष यांसारखी अंकांची नुसती ओळ असेल तर गोल. सुझोऊ अंकांत मात्र गोलच. जुनं बिल उतरवताना कोणी ‘शुद्ध चिनी’च्या उत्साहात अक्षर घातलं असेल तर ते काढा.

पायरी ४: टाइप करा

विंडोजवर वर्डमध्ये ३००७ टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबा, आकड्यांच्या जागी चिन्ह येईल. लिबरऑफिसमध्येही हेच. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून क्रमांक द्यायचा आणि एंटर दाबायचं. मॅकवर आधी कीबोर्डच्या यादीतून ‘युनिकोड हेक्स इनपुट’ जोडावा लागतो. मग ऑप्शन कळ दाबून धरून चार आकडे टाइप केले की झालं.

वेबपानासाठी एचटीएमएलमध्ये अँपरसँड, हॅश, १२२९५ आणि अर्धविराम. एक ते नऊसाठी १२३२१ ते १२३२९. अर्थात पान यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे क्रमांक बाइटांत साठवण्याची नेहमीची पद्धत) असेल तर थेट चिन्ह टाकायला काहीच हरकत नाही आणि पुढे संपादन करणाऱ्याला तेच बरं वाटतं.

चिनी पिनयिन कीबोर्डवर (उच्चार इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा) ‘लिंग’ टाइप केलं की पर्यायांच्या यादीत गोल शून्य सहसा मिळतं. जपानी कीबोर्डवर सावध राहा. ‘मारू’ टाइप केल्यावर मिळणाऱ्या यादीत भौमितिक वर्तुळं आणि शून्य शेजारी शेजारी बसलेली असतात. आकडे मोठ्या प्रमाणात भरायचे असतील तर मी सरळ सांगेन, कीबोर्डवर विसंबू नका. कॅल्कमध्ये किंवा एक्सेलमध्ये इंग्रजी आकडे भरा आणि ‘युनिचार’ फंक्शनने चिन्हं तयार करा. शून्यासाठी १२२९५, बाकी अंकांसाठी १२३२० अधिक तो अंक. आडव्या रेघांचा नियम नंतर लावता येतो.

पायरी ५: फाइल नीट साठवा

यू+३००७ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं: ई३, ८०, ८७. कसे ते एकदा हाताने करून पाहिलं की कायमचं समजतं. ३००७ हा क्रमांक दोनाच्या पायावर सोळा आकडी लिहा: ००११ ०००० ०००० ०१११. त्याचे डावीकडून चार, सहा, सहा असे तुकडे करा: ००११, ००००००, ०००१११. पहिल्या तुकड्याआधी १११०, उरलेल्या दोन्हींआधी १० लावा. मिळतं १११०००११, १०००००००, १००००१११. हेच ई३, ८०, ८७. सुझोऊ एक ते नऊसाठी पहिले दोन बाइट हेच राहतात आणि तिसरा ए१ पासून ए९ पर्यंत जातो.

या तीन बाइटांचा एक फायदा आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या, तीन बाइटांपुरत्या ‘यूटीएफ८’ प्रकारातही ही चिन्हं मावतात. मोजणीच्या काड्यांचे मूळ अंक मात्र यू+१डी३६० पासून पुढे आहेत, २००६च्या युनिकोड ५.० मध्ये आलेले, आणि त्यांना चार बाइट लागतात. सुझोऊ आणि काड्यांचे अंक एकाच तक्त्यात येणार असतील तर चार बाइटांचा ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या. खरं तर नवीन काहीही करताना तेच घ्या.

यूटीएफ-८ फाइल चुकून विंडोज-१२५२ (पाश्चात्त्य भाषांचं जुनं संकेतन) म्हणून उघडली गेली तर शून्याच्या जागी तीन चिन्हं दिसतात: माथ्यावर नागमोडी रेघ असलेला इंग्रजी छोटा ‘ए’, युरोचं चिन्ह आणि छपाईतली दुहेरी कट्यार. पहिली दोन दिसली की समजा, बाइट शाबूत आहेत, फक्त चष्मा चुकला आहे. फाइल पुन्हा यूटीएफ-८ म्हणून उघडा. त्या अवस्थेत ‘सेव्ह’ मात्र करू नका, नाहीतर चुकीचं वाचनच कायमचं कोरलं जाईल.

जुन्या तैवानी किंवा हाँगकाँगी फायली बिग-फाइव्ह संकेतनात असतात. तिथे सुझोऊ एक ते नऊ ए२सी३ ते ए२सीबी या जागांवर आहेत आणि ते युनिकोडमध्ये बिनतक्रार येतात. त्यांच्यापुढच्या तीन जागा, ए२सीसी, ए२सीडी आणि ए२सीई, दहा, वीस, तीस यांच्या. रूपांतराचे तक्ते बनले तेव्हा युनिकोडमध्ये सुझोऊ दहा, वीस, तीस नव्हते. म्हणून ए२सीसी हे नेहमीच्या चिनी दहावर, यू+५३४१ वर, बसवलं गेलं आणि ए२सीई हे यू+५३४५ वर. पण त्या दोन अक्षरांना बिग-फाइव्हमध्ये आधीच जागा होत्या, ए४५१ आणि ए४सीए. परिणाम असा की बिग-फाइव्हमधून युनिकोडमध्ये आणून पुन्हा परत नेलं तर ए२सीसीचं ए४५१ होतं. मूळ फाइल आणि परत आलेली फाइल बाइटनिशी जुळत नाही. अभिलेखाच्या कामात हे चालत नसेल तर मूळ बिग-फाइव्ह फाइल वेगळी जपून ठेवा, रूपांतरित फाइलीवरून ती पुन्हा घडवता येईल अशी आशा धरू नका.

जीबीकेमध्ये सुझोऊ एक ते नऊ ए९४० ते ए९४८ वर आहेत. तिथे काही कटकट नाही.

पायरी ६: फॉन्ट

चौकोन दिसत असेल तर आधी पायरी ३ मधली तपासणी करा. क्रमांक बरोबर असेल तर दोष फक्त फॉन्टचा. नोटो सान्स सीजेके (सीजेके म्हणजे चिनी, जपानी, कोरियन) किंवा सोर्स हान सान्स बसवला की प्रश्न मिटतो, दोन्ही मोफत आहेत. मराठी मजकुरात ही चिन्हं गुंफायची असतील तर फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्ट आधी आणि सीजेके फॉन्ट नंतर ठेवा. उलट केलं तर विरामचिन्हं आणि इंग्रजी आकडे चिनी फॉन्टातून उचलले जातात आणि परिच्छेद विचित्र दिसतो.

ही चिन्हं पूर्ण रुंदीची असतात. टर्मिनलमध्ये किंवा समान रुंदीच्या फॉन्टात एक चिन्ह दोन रकाने खातं. अक्षरं मोजून जागा भरणारा प्रोग्राम त्यामुळे रकाने वाकडे छापतो.

पायरी ७: किंमत काढा

सुझोऊ पद्धतीत संख्या दोन ओळींत लिहितात. वर अंक, खाली पहिल्या अंकाचं स्थान आणि एकक. भोवतालचा मजकूर उभा असला तरी अंक डावीकडून उजवीकडेच जातात. समजा वर तीन (उभा), एक (आडवा), सात, पाच आहेत आणि खाली शंभर व युआन यांची अक्षरं आहेत. अर्थ: पहिला तीन शतकस्थानी, म्हणजे ३१७.५ युआन. खाली दहा असतं तर ३१.७५, हजार असतं तर ३१७५. दशांशचिन्हाची गरजच पडत नाही. मला ही युक्ती फार आवडते, पण संगणकावर तिच्यामुळे एक जबाबदारी येते: वरची ओळ एकटी साठवली तर रक्कम हरवली. दोन्ही ओळी एकाच नोंदीत ठेवा.

प्रोग्राम लिहिताना क्रम असा ठेवा. वरच्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह अंकात बदला, आडवे एक-दोन-तीन आणि उभे एक-दोन-तीन एकाच किमतीला न्या. मिळालेली संख्या दहाच्या घाताने गुणा. घात म्हणजे खालच्या ओळीतल्या स्थानाचा घात वजा (अंकांची संख्या वजा एक). वरच्या उदाहरणात शंभराचा घात दोन, अंक चार, म्हणून दोन वजा तीन बरोबर उणे एक. ३१७५ भागिले १० बरोबर ३१७.५.

चिन्ह अंकात बदलताना प्रोग्रामिंग भाषेच्या तयार सोयींवर आंधळा विश्वास नको. पायथॉनला देवनागरीतले ‘४२’ दिले तर ‘इंट’ फंक्शन निमूटपणे बेचाळीस देतं, कारण देवनागरी अंक युनिकोडच्या ‘दशमान अंक’ या वर्गात आहेत. सुझोऊ अंक आणि गोल शून्य मात्र ‘अक्षर-अंक’ या वेगळ्या वर्गात पडतात. त्यांच्यावर ‘इंट’ त्रुटी फेकतं, ‘इझडिजिट’ नाही म्हणतं, ‘इझन्यूमेरिक’ हो म्हणतं. किंमत हवी असेल तर ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधलं ‘न्यूमेरिक’ फंक्शन वापरा. ते आडव्या चिनी अंकांचीही किंमत देतं. भौमितिक वर्तुळावर तेच फंक्शन त्रुटी देतं, आणि ती त्रुटी गिळून न टाकता वर येऊ द्या. चुकीचं शून्य पकडण्याचा तो आयता सापळा आहे.

याच वर्गामुळे एक गंमत होते. पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव अंकाने सुरू होऊ शकत नाही, पण गोल शून्य अक्षर-अंक असल्यामुळे ते नाव म्हणून चालतं. शून्य बरोबर पाच असं लिहिता येतं. लिहू नका.

पायरी ८: शोध आणि क्रमवारी

चिनी अक्षरं शोधणाऱ्या कितीतरी प्रोग्राममध्ये यू+४ई०० ते यू+९एफएफएफ हा पट्टा थेट लिहिलेला असतो. यू+३००७ आणि सगळे सुझोऊ अंक त्या पट्ट्याबाहेर आहेत. पट्टा काढा, ‘हान’ (चिनी) लिपी हा युनिकोड गुणधर्म वापरा. हे दोन्ही गट त्यात येतात.

नॉर्मलायझेशनचं, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणण्याचं, जरा किचकट आहे. एनएफसी या प्रकाराने इथे काहीच बदलत नाही. एनएफकेसी मात्र सुझोऊ दहा, वीस, तीस यांना नेहमीच्या चिनी अक्षरांत बदलून टाकतं. एक ते नऊ आणि शून्य यांना ते हात लावत नाही. दुसरीकडे, पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात आडव्या एकच्या जागी कांगशी या जुन्या चिनी कोशातल्या मूलाक्षरांपैकी (अक्षरं ज्या घटकांखाली लावतात ते) यू+२एफ०० आलेलं असतं, दोनच्या जागी यू+२एफ०६. दिसायला तंतोतंत तेच. ही घाण एनएफकेसी साफ करतं. म्हणजे एकाच औषधाने एक रोग बरा होतो आणि दुसरी माहिती पुसली जाते. मार्ग साधा आहे: मूळ मजकूर एका रकान्यात जसाच्या तसा, आणि शोधासाठी दुसरा रकाना, ज्यात एनएफकेसी चालवलेलं आहे आणि वर्तुळांचं शून्य केलेलं आहे. पहिल्या रकान्याला पुन्हा कधीही हात लावायचा नाही. जपानी मजकूर मिसळलेला असेल तर काताकाना या जपानी लिपीतलं ‘नी’ (यू+३०सीबी) दोनसारखा आणि लांब स्वराची खूण (यू+३०एफसी) एकसारखी दिसते, हेही ध्यानात ठेवा. त्यांना एनएफकेसी बदलत नाही, हाताने तपासावं लागतं.

क्रमवारी कधीही चिन्हांवर करू नका. सुझोऊ अंक सलग असल्यामुळे सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, पण आडवे अंक आले की गाडी घसरते. चिनी अक्षरं युनिकोडमध्ये मूलाक्षर आणि रेघांच्या संख्येनुसार लावली आहेत, किमतीनुसार नाही. त्यामुळे नेहमीचे चिनी एक ते दहा कोडक्रमाने लावले तर येतात एक, सात, तीन, नऊ, दोन, पाच, आठ, सहा, दहा, चार. किमतीचा आकडी रकाना वेगळा ठेवा आणि क्रम त्याच्यावर लावा.

डोमेन नावात ही चिन्हं वापरायचा विचार असेल तर २०१०चा आरएफसी ५८९२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज पाहावा लागतो. त्यात यू+३००७ ला अपवाद म्हणून नाव घेऊन परवानगी दिली आहे, कारण चिनी आणि जपानी नावांत ते खरोखर लागतं. सुझोऊ एक ते नऊ यांना परवानगी नाही.

पायरी ९: चाचणी

काम सोपवण्याआधी निदान या चार नोंदी तुमच्या यंत्रणेतून जाऊ द्या.

पहिली, एकशे तेवीस: उभा एक, आडवा दोन, उभा तीन, म्हणजे ३०२१, ४ई८सी, ३०२३. प्रोग्रामने १२३ सांगायला हवं आणि १२३ दिल्यावर हीच तीन चिन्हं परत द्यायला हवीत. दुसरी, एक हजार दोन: ३०२१, ३००७, ३००७, ३०२२. इथे शेवटचा दोन उभाच हवा, कारण शून्यांनी साखळी तोडली आहे. आडवा आला तर तुमचा प्रोग्राम मागचा अंक पाहण्याऐवजी नुसती सम-विषम जागा मोजतो आहे. तिसरी, तीच नोंद पण शून्यांच्या जागी भौमितिक वर्तुळं: किंमत निघता कामा नये, इशारा यायला हवा. चौथी, यू+३०३८ हे एकटं चिन्ह: साठवा, परत वाचा, आणि क्रमांक अजून ३०३८ आहे का पाहा. ५३४१ झाला असेल तर वाटेत कोणीतरी, बहुधा डेटाबेसच्या आधीचा एखादा थर, तुम्हाला न विचारता एनएफकेसी चालवत आहे. तो थर शोधून बंद करा आणि आधी भरलेल्या नोंदी मूळ कागदाशी पुन्हा ताडून घ्या.